भरली वांगी ते कापडाचा हत्ती : हात कुठे सैल ठेवायचा, कुठे घट्ट

भरली वांगी करताना बहुतेकांची पहिली चूक एकच असते, मसाला उरतोय म्हणून ठासून भरायचा. आणि पोरांसाठी घरी बाहुली शिवायला घेतली की बरोबर उलटी चूक होते, कापूस हलक्या हाताने भरायचा, वाटतं मऊ राहू दे बाई, आणि आठ दिवसात बाहुलीची मान लटकते. मला या दोन्हीमागचं कारण कळायला बरीच वर्षं लागली म्हणून आज सगळं एका जागी नीट लिहून ठेवतेय. वांगं शिजताना आकसतं, त्याला पाणी सुटतं, आणि तेच पाणी पिऊन आतलं दाण्याचं कूट नि खोबरं फुगतं, म्हणजे घर लहान झालं आणि आतली माणसं वाढली, मग ते फाटणारच. खेळण्यात कापड हळूहळू सैल पडतं आणि आतला कापूस दाबून दाबून खाली बसतो. म्हणून भाजीत जरा कमी आणि खेळण्यात वाटतं त्यापेक्षा जास्त, एवढं धरून पुढचं वाचा.

भरली वांगी, अगदी बाजारापासून

आमच्याकडे सांगली-साताऱ्याच्या बाजूला कृष्णाकाठची वांगी म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर कुठलीही लहान, लिंबापेक्षा थोडी मोठी, काटेरी देठाची घ्या. जळगावकडची ती मोठी हिरवी-पांढरट भरताची वांगी इथे नकोत, ती भाजून भरीत करायची, ती भरायची नाहीत. बघायचं काय तर देठ हिरवा आणि त्याचे काटे बोटाला टोचणारे पाहिजेत, साल चकचकीत पाहिजे, अंगठ्याने दाबलं की खड्डा पडून परत वर आला पाहिजे. बारीक भोक दिसलं की ते वांगं बाजूला. आणि सगळी एका मापाची निवडा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण एक मोठं नि एक लहान असलं की लहान विरघळतं तोवर मोठ्याचा देठाकडचा भाग कच्चाच राहतो.

चौघांना अर्धा किलो म्हणजे साधारण आठ-दहा वांगी पुरतात. देठ पूर्ण काढू नका, फक्त लांब दांडी कापा आणि टोपी तशीच ठेवा. आता उलट्या बाजूने, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाकडून, अधिक चिन्हासारख्या दोन चिरा द्यायच्या पण देठाच्या अर्धा इंच आधी थांबायचं. इथेच घाई होते. चीर देठापर्यंत गेली की चारही फाका सुट्या होतात आणि मग ती साधी रस्सा भाजी. चिरलं की लगेच मीठ घातलेल्या पाण्यात टाका, कारण कापलेल्या भागाला हवा लागली की वांगं काळं पडतं. पाण्यात टाकताना प्रत्येक वांगं बोटांनी उघडून आत कीड आहे का बघून घ्या, बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्यातही निघते.

मसाला असा : अर्धी वाटी भाजलेल्या शेंगदाण्याचं जरा भरड कूट, पाव वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दोन चमचे भाजलेले तीळ, एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून, सहा-सात लसूण पाकळ्या नि बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे काळा मसाला किंवा तुमच्याकडचा गोडा मसाला, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन चमचे चिंचेचा कोळ. कोल्हापूरकडचे लोक कांदा-लसूण मसाला घालतात, मग तिखट कमी करा आणि वरून लसूणही कमी करा. कारळं असतील तर एक चमचा भाजून कुटून घाला, ती चव वेगळीच येते, माझी आजी त्याशिवाय भरली वांगी करतच नसे.

आता दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. एक म्हणजे या मसाल्यात एक चमचा कच्चं तेल घालून हाताने मळून घ्या, मुठीत दाबला तर गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली तर सुटला पाहिजे, एवढाच ओलसर. दुसरी गोष्ट, मीठ अगदी शेवटी, भरायच्या आधी घाला. मीठ घालून मसाला ठेवून दिला की कांद्याला पाणी सुटतं, मसाला पातळ होतो आणि वांग्यातून ओघळायला लागतो, मग लोक म्हणतात चिरा जास्त झाल्या. चिरा बरोबर असतात, मसाला थांबलेला असतो.

वांगी पाण्यातून काढून उलटी ठेवा, पाच मिनिटं निथळू द्या. डाव्या हाताने फाका उघडून उजव्या हाताच्या दोन बोटांनी मसाला आत सरकवायचा, आधी देठाकडे खोल, मग कडेला. वांगं मिटलं की फाकांच्या कडा जवळजवळ भिडल्या पाहिजेत, मधे फार तर एक बारीक रेघ दिसेल. फाका मिटतच नसतील तर थोडा मसाला काढा. काढलेला वाया जात नाही, तोच रश्शाला दाटपणा देतो.

जाड बुडाच्या कढईत तीन-चार चमचे तेल घ्या, यात कंजूषी केली तर वांगं करपतं आणि आतून कोरडं राहतं. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग वांगी एकेक करून आडवी लावा, एकावर एक नको. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं देठाला धरून हळूच फिरवत परता, सालीवर सुरकुत्या आल्या की आच बारीक करून वर ताट झाका आणि ताटात पाणी ओता. हे ताटातलं पाणी गरम होतं, तेच नंतर भाजीत घालायचं, गार पाणी घातलं की शिजणं मधेच थांबतं. दहा मिनिटांनी उरलेला मसाला नि ते गरम पाणी घाला, सुकी हवी तर अर्धी वाटी आणि रस्सा हवा तर दीड-दोन वाट्या, परत झाकून सात-आठ मिनिटं. झालं का बघायला सुरीचं टोक देठाजवळ खुपसा, फाकेत नाही, देठाजवळ. सहज गेलं की गॅस बंद आणि दहा मिनिटं झाकण उघडू नका. कुकरमध्ये करायची असतील तर एकच शिट्टी आणि वाफ जिरायची वाट न बघता जपून काढून टाकायची. बाजरीच्या भाकरीबरोबर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर विचारूच नका.

बाकीच्या भाज्यांचं थोडक्यात, कारण प्रत्येकीचा स्वभाव वेगळा

कारल्याला वांग्यासारखं पाणी सुटू द्यायचं नसतं, आधीच काढून टाकायचं असतं. वरचे काटे हलके खरवडा, एका बाजूने उभी चीर द्या, बिया काढा, आतबाहेर मीठ-हळद चोळून अर्धा तास ठेवा आणि मग मुठीत धरून चांगलं पिळा. पाणी गेलं की कारलं आकसायचं तेवढं आधीच आकसलेलं असतं म्हणून यात मसाला जरा घट्ट भरला तरी चालतो. गूळ आणि चिंच वांग्याच्या दुप्पट घाला. बांधायला पांढरा सुती दोरा घ्या, रंगीत दोऱ्याचा रंग भाजीत उतरतो, आणि किती दोरे बांधले ते मोजून ठेवा म्हणजे वाढताना तेवढे सगळे निघाले की नाही कळतं, विशेषतः ताटाला आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तेव्हा.

भेंडी भरायची तर ती धुऊन फडक्याने एकेक पुसून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चिरू नका. मसाला पण कोरडाच, कूट, धणे-जिरे पूड, तिखट, आमचूर, ओला कांदा नको. आणि झाकण ठेवायचं नाही, वाफ कोंडली की भेंडी बुळबुळीत होते.

सांडगी मिरची मला या सगळ्यात सगळ्यात जवळची वाटते कारण ती भरली जाते आज आणि खाल्ली जाते सहा महिन्यांनी. जाड सालीची, कमी तिखट, पोपटी मिरची घ्यायची, उभी चीर द्यायची, मेथी-धणे-जिरे भरड करून त्यात हिंग, हळद आणि भरपूर मीठ घालून भरायचं, मग दिवसा उन्हात आणि रात्री आंबट ताकात, असं ताक संपेपर्यंत तीन-चार दिवस, नंतर नुसतं कडक ऊन. मिठाचा हात इथे आखडायचा नाही, चवीपुरतं घातलं तर पावसाळ्यात बुरशी येते.

मासे खाणाऱ्यांसाठी गोव्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथे बांगडा किंवा पापलेट ज्या लाल मसाल्याने भरतात त्याला रेशाद म्हणतात, आणि हा शब्द पोर्तुगीजमधून आलाय, त्याचा अर्थच मुळी 'भरलेलं' असा आहे. म्हणजे भरण्याच्या क्रियेचंच नाव मसाल्याला पडलं. सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मिरी, हळद, थोडी चिंच नि साखर, हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटायचं, पाण्याचा थेंबही नको. पापलेटच्या पाठीकडून मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी सरकवून खिसा करायचा, पोट फाडायचं नाही. खिशात पातळ थर पसरायचा, मसाला जोरकस असतो, जास्त भरला तर मासा लागतच नाही. वरून रवा लावून कमी तेलात, आणि एक बाजू पूर्ण सुटल्याशिवाय उलटायचा नाही.

आता उशी

लहानपणी दारावर पिंजारी यायचे, खांद्याला ती लांबलचक धनुकली, तिच्या तारेचा टणत्कार गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा आणि सगळ्या बायका जुन्या गाद्या-उशा बाहेर काढायच्या. जुना दबलेला कापूस पिंजला की परत फुलतो, तेवढ्याचसाठी. आता बहुतेक ठिकाणी मशीनवर पिंजून मिळतो आणि माझा आग्रह आहे की कापसाची उशी दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्याच, फेकू नका.

उशीसाठी तीन पर्याय आहेत. साधा कापूस, जो टणक बसतो. सावरीचा कापूस, म्हणजे काटेसावरीच्या बोंडातला, फाल्गुनात ती लाल फुलं येतात ना त्याच झाडाचा, उन्हाळ्यात बोंडं फुटली की म्हाताऱ्या उडतात तसा उडतो. त्याचा धागा गुळगुळीत नि आखूड असल्यामुळे त्याचं सूत नीट निघत नाही, पण हलका आणि स्प्रिंगसारखा असल्यामुळे उशीला त्याच्यासारखा दुसरा नाही. काहींना त्याने शिंका येतात, दम्याचा त्रास असेल तर नकोच. तिसरा फायबर, ज्याला दुकानात रेक्रॉन म्हणूनच मागतात, तो धुता येतो हा त्याचा मोठा गुण.

नेहमीच्या मापाच्या म्हणजे १७ बाय २७ इंचाच्या उशीला फायबर साधारण ७०० ग्रॅम आणि सावरीचा कापूस साधारण एक किलो धरा. कापसाला आतली खोळ गादीपाटाची घ्या, घट्ट विणीची, पातळ कापडातून सावर आठवड्यात बाहेर यायला लागते. भरताना खोळ उलटी करून दोन कोपरे आधी बोटांनी भरा, मग मोठे पुंजके सपाट थरांनी सरकवा. गोळा करून कोंबला तर ती गाठ कायमची राहते. भरून झाली की दोन्ही बाजूंनी थोपटा, मधे फुगीर आणि कडेला थोडी सैल पाहिजे, शिवण ताणलेली दिसली तर मूठभर काढा. कापसाची उशी धुवायची नाही, पंधरा दिवसांनी कडक उन्हात टाकून काठीने झोडायची, बस.

आणि बाळासाठीच्या मोहरीच्या उशीबद्दल. बऱ्याच घरात बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरून छोटी उशी शिवतात, मायेनेच शिवतात, पण बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा आहे की पहिलं वर्षभर बाळाला झोपताना उशी द्यायची नाही, पाठीवर झोपवायचं, आणि पाळण्यात मऊ खेळणीसुद्धा ठेवायची नाहीत कारण नाक दबून गुदमरण्याचा धोका असतो. आजीचं मन न दुखवता हे घरात सांगणं अवघड आहे, मला माहितीये, तरी सांगा.

कापडाचा हत्ती

पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी हत्तीच घ्यावा. आकार ठसठशीत, थोडा वाकडा झाला तरी हत्तीच दिसतो. शिवाय त्याला इतिहास आहे. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ नावाची बाई होती, लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवर असायची, शिवणकाम करायची. १८८० च्या सुमारास तिने टाचण्या टोचायला म्हणून फेल्टचा छोटा हत्ती केला आणि पोरांनी तो खेळायलाच नेला, तिथून तिचा मऊ खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. टेडी बेअर हे नाव त्यानंतरचं, अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०२ मध्ये शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलाला गोळी घालायला नकार दिला त्यावरून पडलेलं.

वर्तमानपत्रावर साधारण २५ सेंटीमीटर लांबीचा, एका बाजूने दिसणारा हत्ती काढा. पाय जाडजूड, सोंड निदान दोन बोटं जाईल एवढी रुंद, बारीक सोंड उलटवताच येत नाही. चौफेर एक सेंटीमीटर शिलाईसाठी वाढवून कापा. जुना सुती कुर्ता किंवा साडीचा काठाजवळचा धड भाग उत्तम, फक्त आधी धुवा, रंग जातो का ते आत्ताच कळेल. दोन तुकडे सुलट बाजू आत करून ठेवा, कान आणि शेपूट आधीच शिवून दोन्हींच्या मधे, आत तोंड करून टाचणीने अडकवा.

मशीन नसेल तर दुहेरी दोऱ्याने उलट टाका घाला, धावदोरा नको, भरताना जोर लागतो तेव्हा धावदोरा उसवतो. टाके दोन-तीन मिलिमीटरचे. पोटाखाली सरळ भागात सहा-सात सेंटीमीटर जागा उघडी ठेवा, वळणावर ठेवली तर शेवटी बंद करताना चुण्या पडतात. मग जिथे जिथे आतलं वळण आहे, सोंडेखाली, पायांच्या मधे, तिथे शिलाईला न लागता कात्रीने बारीक चिरा द्या. या चिरा नाही दिल्या तर उलटवल्यावर कापड ओढलेलं दिसतं. उलटवून विणकामाच्या सुईच्या बोथट टोकाने सोंड आणि पाय नीट बाहेर काढा.

भरायला फायबरच घ्या, १०० ग्रॅम आणलंत तर पुरून उरेल. मी पहिली बाहुली तांदळाने भरली होती, पावसाळ्यात तिला किडे लागले, लेक दोन दिवस रडली. धान्य नको, थर्माकोलचे गोळे तर अजिबात नकोत, शिवण उसवली की ते मुलाच्या नाका-तोंडात जातात. चिंध्या चालतात पण खेळणं जड होतं आणि धुतलं की आतून चार दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. फायबर आधी हाताने विंचरून मोकळा करा, सोंडेपासून सुरुवात करा, हरभऱ्याएवढे पुंजके एकामागून एक बोथट सुईने टोकापर्यंत ढकला. मग चारही पाय, मग डोकं, सगळ्यात शेवटी पोट. जिथे पाय पोटाला जोडतो आणि डोकं मानेला, त्या दोन जागा सगळ्यात जास्त भरायच्या, खेळणं तिथेच वाकतं. झालं असं वाटलं की हत्तीला मुठीत दाबा, बोटांचे खड्डे लगेच भरून आले नाहीत तर अजून भरा. उभा करून बघा, गुडघे टेकले तर पायात अजून.

बंद करताना दोन्ही कडा आत दुमडून सुई एका कडेच्या घडीतून थोडी चालवा, मग समोरच्या घडीतून, अशी शिडीसारखी, आणि चार-पाच टाके झाले की दोरा ओढा, कडा मिटतात आणि दोरा दिसतच नाही. गाठ मारून सुई पोटातून आरपार काढा आणि दोरा तिथे कापा, टोक आतच राहतं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळ्यांना बटण किंवा मणी नकोत, दोऱ्याने भरून डोळे काढा. विकतचं खेळणं घेत असाल तर आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांना सक्तीची आहे, आणि दुकानातच डोळे नि नाक नखाने ओढून बघायला लाजू नका.

धुणं आणि दुरुस्ती

फायबरचं खेळणं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि मशीनच्या नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर गार पाण्यात धुवा. मुलाला धुळीची ॲलर्जी असेल तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, धुळीतले बारीक किडे थंडीने मरतात, मग धुवा म्हणजे ते निघूनही जातात. वाळवताना कान किंवा शेपटीला चिमटा लावून टांगू नका, सगळं ओलं वजन त्या एका शिवणीवर येतं. जाळीवर आडवं ठेवा, दर दोन तासांनी उलटा, आणि पोट दाबल्यावर आत गारवा लागेनासा झाला की मगच मुलाच्या हातात द्या.

मान पडलेला जुना ससा किंवा अस्वल असेल तर पाठीमागची शिवण सुईच्या टोकाने फक्त चार सेंटीमीटर उसवा. दबलेला फायबर सगळा काढू नका, मुलाला त्या स्पर्शाची सवय झालेली असते, मानेजवळचा तेवढा काढून विंचरा, त्यात मूठभर नवा मिसळा आणि परत भरा. हे काम मूल जागं असताना त्याच्यासमोर करा, त्याला एखादा पुंजका स्वतःच्या हाताने आत घालू द्या. माझ्या लेकीने तिच्या सशाच्या मानेत तिचा गळून पडलेला दात घालायचा हट्ट धरला होता, तो मी चिंधीत गुंडाळून शिवला आणि आत ठेवला, आज ती कॉलेजला आहे आणि तो दात अजून तिथेच आहे.